एकच लॅटिन-१, तीन तक्ते

दिंडोरी रोडवरच्या एका रोपवाटिकेने ग्राहकांची यादी जुन्या सर्व्हरवरून नव्या यंत्रावर आणली आणि बुकिंगच्या पावत्यांवर नावं विचित्र छापून यायला लागली. ज्ञानेश्वरचं "जञानेशवर", पुंडलिकचं "पंडलिक", विठ्ठलचं "विठठल", मधुकरचं "मधकर". तालुक्याच्या रकान्यात "सिननर", "इगतपरी", "सरगाणा", "तरयंबकेशवर". पेठचं तर नुसतं "पे" उरलं होतं. बाकीचे तालुके मात्र जिथल्या तिथे. निफाड, येवला, चांदवड, कळवण, देवळा, बागलाण, मालेगाव, नांदगाव, दिंडोरी आणि खुद्द नाशिक, यांतल्या एकाही अक्षराला धक्का लागलेला नव्हता.

दोष लगेच आला तो काउंटरवर बसून वर्षानुवर्षं ही यादी भरणाऱ्या बाईंवर. घाईघाईत टाइप केलं असणार, शुद्धलेखनाकडे लक्ष दिलं नसणार, असं मालकांचं म्हणणं. त्या बाई मला म्हणाल्या, "मॅडम, त्र्यंबकेश्वर मी रोज लिहिते हो. असं कसं लिहीन?"

त्यांचं खरं होतं, आणि यादी नीट वाचली की ते कळतही होतं. माणूस चुकतो तेव्हा कुठे पहिल्या उकाराचा दुसरा करतो, कुठे वेलांटी विसरतो, आणि तेच नाव खालच्या ओळीत बरोबर लिहितो. इथे दीर्घ उकार सगळे शाबूत होते, ऱ्हस्व तेवढे गेले होते. वेलांट्या दोन्ही जागेवर. जोडाक्षरातला पायमोड मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकही नाही. एकनाथचं "कनाथ" झालं होतं आणि झाल्टे आडनावातला झ उडून काना एकटाच उरला होता. पायमोड, ऱ्हस्व उकार, ए आणि झ, यांना एकत्र बांधणारं व्याकरणात काहीच नाही. संगणक अक्षरं साठवतो ती बाइट नावाच्या, ० ते २५५ अशा आकड्यांत, आणि यांना बांधतो तो त्यांचा तिसरा बाइट.

यूटीएफ-८ म्हणजे जगातल्या लिपी बाइटांत लिहिण्याची आजची रूढ पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइटांत बसते. पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा अक्षराप्रमाणे बदलतो. क म्हणजे २२४, १६४, १४९. पायमोडाचा शेवटचा बाइट १४१, ऱ्हस्व उकाराचा १२९, ए चा १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. आता कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणारा, पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा विंडोज-१२५२ हा तक्ता उघडून बघा. २५६ घरांपैकी पाच घरं त्यात रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. अगदी तीच.

मराठीचा आणि या युरोपीय तक्त्याचा संबंध कुठे आला? जुन्या सॉफ्टवेअरची पानं यूटीएफ-८ मध्ये होती, पण मायएसक्यूएल या डेटाबेसमधल्या टेबलावर आणि जोडणीवर नाव होतं लॅटिन१. म्हणजे डेटाबेसच्या लेखी आपलं एक अक्षर म्हणजे तीन युरोपीय अक्षरं. जाताना आणि येताना दोन्हीकडे तोच समज, म्हणून स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसत राहिलं. यादी यूटीएफ-८ म्हणून बाहेर काढली तेव्हा त्या तीन-तीन युरोपीय अक्षरांचं पुन्हा एकदा यूटीएफ-८ झालं. ज्यांनी स्थलांतर केलं त्यांना हे दिसलं, आणि उलट दिशेने जाणारी, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली छोटी स्क्रिप्ट त्यांनी लिहिली. दिशा बरोबर होती. अडलं ते नावावर.

मायएसक्यूएलचं लॅटिन१ हे नाव ऐकून कोणालाही आयएसओ-८८५९-१ हे लॅटिन-१ चं आंतरराष्ट्रीय मानक आठवेल. तसं ते नाही. मायएसक्यूएलच्या स्वतःच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय की आमचं लॅटिन१ म्हणजे विंडोजचं १२५२, फक्त त्यातली पाच रिकामी घरं आम्ही त्याच क्रमांकाच्या नियंत्रण-चिन्हांनी, म्हणजे न दिसणाऱ्या खुणांनी, भरलेली आहेत. पायथनमध्ये मात्र लॅटिन१ म्हणजे खरोखरचं आयएसओ-८८५९-१, ज्यात १२८ ते १५९ ही सगळी घरं नियंत्रण-चिन्हांचीच. आणि पायथनचं सीपी१२५२ म्हणजे विंडोजचा तक्ता, पण पाच घरं रिकामी ठेवलेला. झाले तीन तक्ते. स्क्रिप्टमध्ये लॅटिन१ लिहिलं तर क, ग, च, अनुस्वार, एक मात्रा, दुसरी वेलांटी असं बरंच काही अडतं, कारण मायएसक्यूएलने १४९ या बाइटचा आधीच गोल ठिपका करून ठेवलेला असतो आणि तो ठिपका खऱ्या लॅटिन-१ मध्ये नाही. सीपी१२५२ लिहिलं तर जवळजवळ सगळं परत येतं, अडतात ते फक्त पाच बाइट. त्या पाचांवर स्क्रिप्ट थांबून तक्रार करते. ती तक्रार बंद करायला स्क्रिप्टमध्ये "इग्नोअर" हा शब्द घातला होता. पायमोड आणि उकार तिथे गळाले, आवाज न करता.

पेठचं प्रकरण निराळं. ठ चा शेवटचा बाइट १६०, आणि तो १२५२ मध्येही आहे, लॅटिन-१ मध्येही आहे. पण त्या घरात बसलीय न तुटणारी मोकळी जागा. रकान्याच्या कडेची रिकामी जागा छाटायला पायथनची स्ट्रिप ही सोय वापरली, आणि तिने ती दुरुस्तीच्या आधीच खरी मोकळी जागा समजून छाटून टाकली. मागे राहिलेले दोन बाइट एकटे निरर्थक, तेही गळाले. शब्दाच्या शेवटी ठ असेल तिथेच हे होतं, म्हणून विठ्ठलचा ठ वाचला आणि पेठचा गेला.

उपाय छोटासाच आहे. सीपी१२५२ वापरायचं आणि त्या पाच क्रमांकांसाठी स्वतःचा नियम द्यायचा, की जो क्रमांक आला तोच बाइट लिही. छाटणी नंतर. एफटीएफवाय नावाच्या पायथन लायब्ररीत हे तयार मिळतं, तिथे त्या तक्त्याचं नाव "स्लॉपी-विंडोज-१२५२" असं आहे. आणि मूळ डेटाबेस जिवंत असेल तर याहून साधं: रकाना आधी ब्लॉब, म्हणजे नुसते बाइट, करायचा, मग यूटीएफ८एमबी४ चा, म्हणजे मायएसक्यूएलमधल्या पूर्ण यूटीएफ-८ चा, टेक्स्ट करायचा. मधे कोणतंच भाषांतर होत नाही, बाइट जसेच्या तसे राहतात, फक्त वरचं नाव बदलतं. इथे मूळ डेटाबेसचा बॅकअप मिळाला, त्यामुळे सगळी नावं परत आली. बाईंना मी छापलेली यादी दाखवली. मालकांनाही दाखवली, आणि कोणाची चूक नव्हती ते तोंडावर सांगितलं.

या निमित्ताने मी कधीपासून सांभाळत आलेल्या एका तक्त्याबद्दल लिहायचं होतं. त्यात डावीकडे अशा अक्षर-तक्त्यांचं प्रमाण नाव असतं, म्हणजे आयाना या इंटरनेटची नावं-क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीतलं. पुढच्या रकान्यांत ते ते यंत्र, तो तो डेटाबेस, ती ती भाषा त्याला काय म्हणते ते. आपल्या जिल्ह्यात बागलाण तालुक्याला अर्धे लोक सटाणा तालुका म्हणतात. दोन्ही चालतं, पण संगणकाच्या यादीत दोन तालुके होऊन बसतात, म्हणून एक नाव मुख्य धरून दुसरं त्याकडे वळवावं लागतं. माझ्या तक्त्याचं काम एवढंच.

तो सुरू झाला अंबडच्या एका कारखान्यात काम करताना. तिथे सोलारिस आणि एचपी-यूएक्स या दोन ऑपरेटिंग सिस्टिमची यंत्रं शेजारी शेजारी चालायची आणि लिनक्सची यंत्रं नुकतीच आली होती. आस्की या साध्या इंग्रजी अक्षरांच्या एकाच तक्त्याला सोलारिस म्हणायचं "६४६", नुसता आकडा. लिनक्सवर ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीला तेच विचारलं की उत्तर यायचं "एएनएसआय_एक्स३.४-१९६८". दोन्ही बरोबर आहेत, एक आयएसओच्या मानकाचा क्रमांक आणि दुसरं अमेरिकी मानकाचं नाव व साल. आयाना मात्र त्याला यूएस-आस्की म्हणते. आयएसओ-८८५९-१ चंही तसंच: एचपी-यूएक्सवर सगळं सलग छोट्या अक्षरांत आणि मधे एकही रेघ नाही, सोलारिस आणि आयबीएमच्या एआयएक्सवर आयएसओ आणि आकडा चिकटून, रेघ फक्त शेवटच्या एकच्या आधी. ओरॅकलच्या डेटाबेसकडे गेलात की "डब्ल्यूई८आयएसओ८८५९पी१". विंडोजच्या आत तर नावच नाही, कोडपेजचा क्रमांक आहे: २८५९१. यूटीएफ-८ चा ६५००१, आस्कीचा २०१२७.

हा त्रास जगाला आपल्याआधी झालेला आहे, आणि त्यावरचं मला आवडलेलं उत्तर म्हणजे जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या साधनांबरोबर येणारी "चारसेट डॉट एलियास" ही फाइल. प्रोग्रॅमर ब्रूनो हाइबल यांच्या कामातून आलेली. दोन रकाने: यंत्र जे नाव सांगतं ते डावीकडे, आणि सगळीकडे चालेल असं प्रमाण नाव उजवीकडे. सोलारिससाठी ६४६ समोर आस्की, एचपी-यूएक्ससाठी रोमन८ समोर एचपी-रोमन८. मॅकसाठी तर डावीकडे नुसती चांदणी आणि उजवीकडे यूटीएफ-८, म्हणजे काहीही सांगितलं तरी यूटीएफ-८ समज. पुढे हा तक्ता वेगळ्या फाइलीतून काढून थेट लोकलचारसेट नावाच्या भागाच्या कोडात नेला. मी नव्या मुलांना ते कोड वाचायला लावते. हुशारी करायला जागा असूनही कुठे केलेली नाही, प्रत्येक यंत्राची नावं एकेक करून हाताने लिहिली आहेत.

कारण हुशारी पुरत नाही. नावांची तुलना कशी करावी याचा युनिकोड या जगभरच्या लिपींच्या मानकाचाही एक नियम आहे, तांत्रिक मानक क्रमांक २२ मध्ये. अक्षरं आणि अंक सोडून बाकी सगळं काढा, मोठी-छोटी लिपी एक समजा, आकड्याआधीची शून्यं काढा. मग "यू.टी.एफ-००८" सुद्धा यूटीएफ-८ शी जुळतं. लिहिण्यातला फरक यातून सुटतो. पण रोपवाटिकेचं लॅटिन१ यातून सुटलं नसतं, कारण तिथे लिहिण्यात फरक नव्हताच. तिन्ही ठिकाणी नाव जवळपास तेच होतं. ब्राउझर तर याच्याही पुढे जातात: पानावर लॅटिन१ लिहा, आयएसओ-८८५९-१ लिहा, आस्की लिहा, तिन्हींचा अर्थ ते विंडोज-१२५२ च घेतात, आणि हे अपघाताने होत नाही, वेबच्या एन्कोडिंग मानकात तसं ठरवून लिहिलेलं आहे. जुनी पानं वाचता यावीत म्हणून ते योग्यही आहे. पण ब्राउझरमध्ये नीट दिसलं म्हणून तेच नाव स्क्रिप्टमध्ये घातलं की घोळ होणारच.

म्हणून माझ्या तक्त्यात नावाशेजारी आणखी एक रकाना असतो: हे नाव त्या यंत्रात नेमक्या कोणत्या बाइटला काय करतं. यूटीएफ८ समोर तर तो रकाना भरगच्च आहे. गंमत अशी की रेघेशिवायचं यूटीएफ८ हे आयानाच्या नोंदवहीत टोपणनाव म्हणूनही नाही. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८ म्हणजे तीन बाइटांपर्यंतचंच, त्याचं खरं नाव यूटीएफ८एमबी३. चार बाइटांचं पूर्ण यूटीएफ८एमबी४ आलं २०१० मध्ये, ५.५.३ या आवृत्तीत. मराठी तीन बाइटांत मावते, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी डेटाबेसांत ही गोष्ट लक्षातच येत नाही. मग कोणीतरी पत्त्याच्या रकान्यात हात जोडलेला इमोजी टाकतो आणि नोंद अडकते. ओरॅकलचं यूटीएफ८ आणखी तिसरंच, ते अशा चिन्हांना सहा बाइट देतं, आणि खरं यूटीएफ-८ हवं असेल तर "एएल३२यूटीएफ८" असं मागावं लागतं. पोस्टग्रेस या डेटाबेसचं यूटीएफ८ मात्र निर्धोक.

लोकेल, म्हणजे यंत्रावरची भाषा-देशाची निवड, तिच्या नावांनीही फसू नये. नाशिकमध्ये उबंटू लिनक्स टाकताना कोलकात्याचा टाइमझोन निवडला की लोकेल बहुधा ईएन_आयएन असं नुसतं बसतं, मागे यूटीएफ-८ ची शेपटी नाही. ग्लिबसीमध्ये ईएन_आयएन आणि एमआर_आयएन दोन्ही मुळातच यूटीएफ-८ आहेत, आत सगळं ठीक असतं. पण नावात यूटीएफ-८ ही अक्षरं शोधणारी प्रोग्रॅमं हे नाव बघून समजतात की इथे आस्कीच आहे, आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं छापतात. नाव वाचून अंदाज बांधू नका. "लोकेल चार्मॅप" ही आज्ञा द्या आणि यंत्रालाच विचारा. उलट प्रकार मॅकवरून सर्व्हरला जोडताना होतो. मॅकचं टर्मिनल नुसतं यूटीएफ-८ असं लोकेल पुढे पाठवतं, लिनक्सला त्या नावाचं लोकेलच सापडत नाही आणि लॉगिन करताच इशारा छापून येतो.

आणि मग तक्त्यातल्या त्या ओळी, ज्यांत डावीकडचा प्रमाण नावाचा रकाना रिकामा आहे. मला सर्वांत जास्त काळजी त्यांची वाटते, कारण त्या आपल्या भाषेच्या आहेत. इस्की हे भारताचं स्वतःचं मानक, आयएस १३१९४, साल १९९१. युनिकोडचा देवनागरी विभाग त्याच्याच आधीच्या १९८८ च्या रूपावर उभा आहे. इस्कीत "नाशिक" पाच बाइटांत लिहून होतं: १९८, २१८, २१३, २१९, १७९. यूटीएफ-८ मध्ये त्यालाच पंधरा लागतात. तमिळच्या टीएससीआयआय या तक्त्याची आयानाकडे नोंद आहे, देवनागरी इस्कीची नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपापलं नाव दिलं. विंडोजमध्ये ५७००२, आयसीयू लायब्ररीत एक्स-इस्की-डीई, जावामध्ये एक्स-इस्की९१. फाइल हातात आली तर ती कोणाची, हे विचारूनच कळतं. आणि तेही निदान विचारता येतं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर, म्हणजे आपल्या छापखान्यांचा, दिवाळी अंकांचा, ग्रामपंचायतींच्या दाखल्यांचा केवढा तरी साठा, त्याला तर कोणत्याच यादीत नाव नाही. फाइल स्वतःला विंडोज-१२५२ म्हणवते, बाइटही नियमात बसतात, आणि फॉन्ट हरवला की वाचता येत नाही. अशा फाइलींसाठी मी फॉन्टचं नाव, त्याची आवृत्ती आणि एका पानाची छापील प्रत तक्त्याला जोडून ठेवते. ज्यांच्याकडे असे जुने फ्लॉपी-सीडी पडून आहेत त्यांनी हे आजच करावं, कारण कोणता फॉन्ट होता हे सांगणारी माणसंच आता थोडी उरली आहेत.

नव्या कामात मी कोणालाही मराठी डेटा देताना किंवा घेताना सोबत दोन गोष्टी मागते. एक, आयानाचं नाव आणि त्या यंत्रातलं नाव, दोन्ही लिहून. दुसरी, यादीच्या अगदी वर एक ठरलेली ओळ. ती अशी:

ऐन पावसात सिन्नर, इगतपुरी, एकलहरे, झोडगे आणि पेठ

ऐ मध्ये १४४ आहे, सिन्नरमध्ये १४१, इगतपुरीत १२९ आणि शिवाय दुसऱ्या वेलांटीचा १२८, एकलहऱ्यात १४३, झोडग्यात १५७. पलीकडच्या बाजूला ही ओळ अक्षरन् अक्षर तशीच उतरली, तर खालची हजारो नावं उतरतील. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर तिच्याखाली एका ओळीत एकच इमोजी ठेवा. आणि पेठ शेवटीच राहू द्या, त्याच्यामागे पूर्णविराम देऊ नका, नाहीतर १६० ची परीक्षा होणार नाही.